आधी कसोटी, मग औषध

नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून मार्च २०२३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचा नमुना तपासणीसाठी नेला. शासकीय प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला तो डिसेंबर २०२३ मध्ये. गोळीत औषधच नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे नागपूरकरांच्या ‘मेयो’तून, त्याच नाममुद्रेच्या २१,६०० गोळ्या जप्त करण्यात आल्या. वेष्टनावर गुजरातमधील ज्या कंपनीचे नाव छापलेले होते, ती कंपनीच अस्तित्वात नसल्याचे तपासात आढळले. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी सुमारे बाराशे पानांचे आरोपपत्र न्यायालयात दाखल केले. त्यानुसार, या गोळ्या म्हणजे टाल्कम पावडर आणि स्टार्च यांचे मिश्रण होते, ते हरिद्वार येथील पशुवैद्यकीय औषधांच्या एका प्रयोगशाळेत तयार झाले होते आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील सरकारी रुग्णालयांना पुरवले गेले होते. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. परंतु समाजाला भेडसावणारा प्रश्न न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबणारा नाही.

नमुना घेतल्यापासून अहवाल येईपर्यंत नऊ महिने गेले. या नऊ महिन्यांत औषधभांडाराचे दार बंद नव्हते. रांगेत उभ्या राहिलेल्या शेतमजुराला, मोलकरणीला, वृद्धाला चिठ्ठीवर लिहून दिलेल्या गोळ्या मिळत होत्या. ताप उतरला नाही, जंतुसंसर्ग हटला नाही, तर डॉक्टर काय समजणार? हे औषध लागू पडत नाही, एवढेच. मग त्याहून तीव्र, त्याहून महाग औषध. रुग्ण काय समजणार? आपले नशीब. खोट्या औषधामुळे दगावलेल्या माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘खोटे औषध’ असे कारण कधी लिहिले जात नाही. या गुन्ह्याचे बळी मोजता येत नाहीत आणि म्हणूनच त्यांचा आक्रोशही ऐकू येत नाही.

ही व्यथा केवळ सरकारी रुग्णालयाच्या पायरीवर बसणाऱ्या गरिबाची आहे, असे मानून स्वस्थ बसणाऱ्या मध्यमवर्गाला सप्टेंबर २०२५ ने जागे करावयास हवे होते. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया परिसरातील बालके मूत्रपिंडे निकामी झालेल्या अवस्थेत एकामागून एक नागपूरच्या ‘मेडिकल’मध्ये आणि अन्य रुग्णालयांत दाखल होऊ लागली. साधा सर्दी-खोकला झाला म्हणून आईवडिलांनी त्यांना डॉक्टरांकडे नेले होते. डॉक्टरांनी लिहून दिलेले, दुकानातून पैसे मोजून आणलेले, झाकणबंद बाटलीतील औषधच त्यांना पाजले होते. तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यातील स्रेसन फार्मास्युटिकल या कंपनीच्या ‘कोल्ड्रिफ’ सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन ४८.६ टक्के आढळले. अनुज्ञेय मर्यादा आहे ०.१ टक्का. वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील बहुतेक पाच वर्षांखालील होती.

मध्य प्रदेशाकडून सूचना मिळताच ऑक्टोबर २०२५ च्या आरंभी तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने कारखान्यातून नमुने घेतले आणि त्यांचा अहवाल दोन दिवसांत दिला. याचा अर्थ असा, की इच्छा असेल तर दोन दिवसांत कळते आणि नसेल तर नऊ महिने लागतात. शास्त्र तेच, उपकरणेही तशीच. फरक आहे तो निकडीचा. आणि बालके मृत्युमुखी पडल्यावर ती निकड निर्माण होणार असेल, तर त्या व्यवस्थेला आरोग्यव्यवस्था म्हणावे काय?

या दोन घटनांत वरवर पाहता साम्य नाही. एक सरकारी निविदेची, दुसरी खाजगी बाजारपेठेची. एका ठिकाणी औषधाऐवजी भुकटी, दुसऱ्या ठिकाणी औषधाऐवजी विष. परंतु दोन्हींमधील साखळी पाहिली, तर त्यांचे मूळ एकच असल्याचे ध्यानात येते. निर्माता, घाऊक व्यापारी, पुरवठादार, विक्रेता, औषध लिहून देणारा, अशा प्रत्येक टप्प्यावर कोणाचा ना कोणाचा वाटा ठरलेला असतो. छिंदवाडा प्रकरणात औषध लिहून देणाऱ्याला दहा टक्के कमिशन मिळत होते, असे पोलिसांनी न्यायालयात सांगितले; त्याचा निवाडा यथावकाश होईल. मात्र सबंध साखळीत असा एकही वाटेकरी नाही, की ज्याचे उत्पन्न औषध गुणकारी आहे की नाही यावर अवलंबून आहे. माल पोहोचला की देयक मंजूर होते. गुणाची जबाबदारी प्रत्येक जण आपल्या मागच्यावर ढकलतो आणि तिचा भार अखेरीस रुग्णाच्या देहावर पडतो.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदू आणि डोळ्यांच्या विकारांवर उपचार घेणारे चौदा रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये हेच डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. औषधी म्हणून जे पाजले गेले, ते औद्योगिक वापराचे होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने दिलेल्या अहवालात पुरवठादार, रुग्णालय प्रशासन, औषध नियंत्रण यंत्रणा आणि राजकीय हस्तक्षेप यांचे हितसंबंध कसे एकमेकांत गुंतले होते, हे निर्भीडपणे उघड केले. त्या अहवालावर तेव्हा विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत रणकंदन झाले. मंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. परंतु पदे रिकामी झाली, वाटा मात्र बुजल्या नाहीत. जम्मूत २०२० मध्ये आणि २०२५ मध्ये छिंदवाड्यात बालकांच्या जिवावर उठले ते हेच रसायन.

अमेरिकेत १९३७ मध्ये याच विषाने शंभरहून अधिक बळी घेतले. दुसऱ्याच वर्षी तेथे कायदा झाला, की औषध सुरक्षित असल्याचे विक्रीपूर्वी सिद्ध करावे लागेल. आपल्याकडे असे काही करता येत नाही, अशी सबब सांगण्यासही आता जागा उरलेली नाही. २०२२ मध्ये गांबिया या आफ्रिकी देशातील बालमृत्यूंचा संबंध भारतीय बनावटीच्या सिरपशी जोडला गेला आणि देशाच्या प्रतिष्ठेवर डाग पडला. त्यानंतर १ जून २०२३ पासून खोकल्याच्या सिरपची निर्यात करण्यापूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी आणि तिचे प्रमाणपत्र सक्तीचे करण्यात आले. हा निर्णय योग्यच होता. परंतु २०२५ च्या त्या सप्टेंबरात देशातील बाजारात विकल्या जाणाऱ्या सिरपला अशी अट नव्हती. परदेशातील बालकाच्या ओठाला लागणारी बाटली आधी तपासली जाते आणि परासियातील बालकाची बाटली त्याच्या मृत्यूनंतर. राष्ट्राच्या स्वाभिमानाची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाला ही विसंगती बोचली पाहिजे.

उपाय अज्ञात आहे काय? मुळीच नाही. १९९४ मध्ये तमिळनाडूने सरकारी रुग्णालयांच्या औषधखरेदीसाठी स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. तेथे पुरवठादाराकडून आलेला प्रत्येक बॅचचा माल प्रथम गोदामात वेगळा ठेवला जातो. त्याचे नमुने निर्मात्याचे नाव झाकून, सांकेतिक क्रमांक देऊन प्रयोगशाळेकडे पाठवले जातात. अहवाल अनुकूल आला तरच तो माल रुग्णालयाकडे रवाना होतो. केरळ आणि राजस्थान यांनी पुढे याच धर्तीवर आपापली महामंडळे उभारली. विशेष म्हणजे ‘कोल्ड्रिफ’ही तमिळनाडूतच तयार झाले. तेच राज्य आणि तेच प्रशासन. तरीही जेथे माल फाटकाशी अडवला जात होता तेथील रुग्ण सुरक्षित राहिला आणि खुल्या बाजारात, जेथे असे फाटकच नव्हते, तेथे विष निर्वेध बाहेर पडले. प्रश्न माणसे चांगली की वाईट हा नाही. फाटक आहे की नाही, हा आहे.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये शासकीय खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली. ती घडी नीट बसली नाही. ऑक्टोबर २०२३ च्या प्रारंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात चोवीस मृत्यू झाले, पाठोपाठ नागपूरच्या मेडिकल आणि मेयोतील मृत्यूंचे आकडे पुढे आले आणि उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. २०२३ मध्येच राज्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. परंतु खरेदी करणाऱ्या संस्थेची पाटी बदलल्याने औषधाचा गुण बदलत नाही. मध्यवर्ती पुरवठा रखडला की रुग्णालये स्थानिक खरेदीकडे वळतात, देयके थकली की प्रामाणिक पुरवठादार पाठ फिरवतात आणि मग सर्वात कमी दर लावणाऱ्या कोणत्याही अनोळखी हाताला वाट मोकळी होते. उत्पादनखर्चापेक्षाही कमी दराने जो औषध देऊ करतो, तो कोठे तरी काटछाट करणारच, हे घरखर्च चालवणाऱ्या गृहिणीलाही उमगते. ते निविदा समितीला का उमगू नये?

तपासणीने विलंब होईल, तुटवडा पडेल, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य नाही. काही महिन्यांचा साठा हाताशी राहील असे खरेदीचे नियोजन केले, मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना मुदतीचे बंधन घातले आणि देयक अहवालाशी जोडले, तर औषधही वेळेवर मिळते आणि त्याची खात्रीही. अडचण यंत्राची नाही. अहवालाशिवाय देयक मंजूर होण्यात ज्यांचे हित आहे, त्यांची आहे.

कायद्याचेही असेच. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ मध्ये बनावट औषधांच्या गुन्ह्याला देहदंडापर्यंतची शिक्षा सुचवली होती. पन्नास कारखान्यांमागे एक आणि दोनशे औषधदुकानांमागे एक निरीक्षक असावा, असेही तिने म्हटले होते. २००८ च्या दुरुस्तीने शिक्षा कठोर झाली. बनावट औषधाने मृत्यू ओढवल्यास किमान दहा वर्षे ते जन्मठेप. निरीक्षकांची संख्या मात्र त्या प्रमाणाच्या जवळपासही गेली नाही. पकडणाराच नसेल तर शिक्षा किती कठोर आहे, याला काय अर्थ? उलट २०२३ च्या जनविश्वास कायद्याने औषध कायद्यातील कलम २७ (ड) खालील गुन्हे दंड भरून तडजोडीने मिटवण्याची मुभा दिली. निकृष्ट दर्जाच्या औषधांची अनेक प्रकरणे याच कलमाखाली येतात. व्यापारसुलभता आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही. परंतु नोंदवहीतील चूक आणि औषधातील खोट यांना एकाच तराजूत तोलणे उचित नव्हे. केंद्र शासनाने या तरतुदीचा फेरविचार करावा, ही मागणी शासनाच्या हितचिंतकांनी अधिक आग्रहाने मांडली पाहिजे.

याचा अर्थ व्यापाराला शत्रू मानावे, असा नाही. भारतीय औषध उद्योगाने स्वस्त औषधे देऊन जगातील कोट्यवधी गरिबांना आधार दिला आहे आणि खोटा माल विकणारा प्रथम गळा घोटतो तो प्रामाणिक उत्पादकाचाच. आपल्या पूर्वजांनाही व्यापार वर्ज्य नव्हता. परंतु त्याला मोकाट सोडावे, असेही त्यांनी मानले नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘कंटकशोधन’ नावाचे स्वतंत्र अधिकरण आहे. समाजाच्या पायात रुतणारे काटे शोधून काढणे हे राज्याचे कर्तव्य, असा त्याचा आशय. धान्य, तेल, मीठ आणि औषधे यांत तशाच रंगाचा हलका पदार्थ मिसळणाऱ्याला दंड सांगणारा नियम तेथे आहे. प्रतिजैविकाच्या गोळीत तिच्याच रंगाची भुकटी भरणारे दोन हजार वर्षांपूर्वीही होते, हे यावरून दिसते. राज्यकर्त्याने आधी काटा शोधावा, पाऊल रक्तबंबाळ होण्याची वाट पाहू नये, हा विवेकही तेव्हा होता.

तो विवेक आज जागा करावयाचा तर केवळ शासनाकडे बोट दाखवून भागणार नाही. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आहेत. त्यांवर नागरिकांचे प्रतिनिधी असतात. सेवाकार्यात वर्षानुवर्षे रमलेले कार्यकर्ते रुग्णांना फळे वाटतात, रक्तदान करतात, रुग्णवाहिका चालवतात. हे सर्व वंदनीय आहे. त्याच कार्यकर्त्यांनी आता औषधभांडारातही डोकवावे. या महिन्यात कोणती औषधे आली, त्यांचा बॅच क्रमांक काय, तपासणीचा अहवाल आला काय आणि आला नसेल तर औषध वाटले कसे, हे चार प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारले जावेत व त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवली जावीत. उत्तर टाळले गेले, तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा हाताशी आहेच. मध्यमवर्गीय कुटुंबांनीही औषध घेताना देयक मागावे, त्यावरील बॅच क्रमांक बाटलीशी ताडून पाहावा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी सर्दीच्या एका प्रचलित मिश्रणाविषयी, चार वर्षांखालील मुलांना ते देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्यास सांगितले होते. ‘कोल्ड्रिफ’ त्याच प्रकारचे मिश्रण होते. लहान मुलाच्या साध्या खोकल्याला सिरपची खरोखरच गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला?

महाराष्ट्र शासनापुढे मागणी एकच असावी आणि ती सोपी आहे. अनुकूल अहवालावाचून कोणतेही औषध शासकीय भांडारातून बाहेर पडता कामा नये आणि अहवालावाचून कोणाचेही देयक मंजूर होता कामा नये. लहान मुलांच्या द्रवरूप औषधांना, ती खाजगी दुकानात विकली जाणार असली तरी, हाच नियम लागू व्हावा. चौदा मृत्यूंनंतर लेंटिन आयोग बसला, वीसहून अधिक कोवळे जीव गेल्यावर कारखान्याचा परवाना रद्द झाला. कळमेश्वरच्या रांगेत उभे राहून भुकटी गिळणाऱ्यांची तर गणतीच झालेली नाही. त्यांच्या वतीने बोलणारा कोणी नाही, म्हणूनच समाजाने बोलले पाहिजे.