निद्रिस्त ज्वालामुखीचा श्वास

ज्वालामुखीचे प्रकार किती, असे परीक्षेत विचारले की आपण सारे ‘जागृत, निद्रिस्त आणि मृत’ असे लिहितो आणि गुण घेऊन मोकळे होतो. यातला मधला शब्द फसवा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. झोपलेला माणूसही श्वास घेतोच की!

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मॅमथ पर्वताखाली १९८९ साली लहान लहान भूकंप झाले. लाव्हा आला नाही, राख उडाली नाही. पण १९९० पासून हॉर्सशू सरोवराकाठची झाडे उभ्या उभ्या वाळू लागली. मुळांभोवतीच्या मातीत कार्बन डायऑक्साइड भरला होता. पुढे एप्रिल २००६ मध्ये त्याच पर्वतावर बर्फाखालच्या पोकळीत साचलेल्या वायूने तिघा रक्षकांचा जीव घेतला. बर्फाने वायूवर जणू झाकणच घातले होते.

म्हणजे वायू येतो डोंगराच्या पोटातून. पण तो केव्हा, किती बाहेर पडणार हे बरेचसे आभाळ ठरवते. हवेचा दाब उतरला की मातीतला वायू वर ओढला जातो, चढला की आतच दबून राहतो. पावसाने मातीची छिद्रे बुजली की तो एखादी कोरडी भेग शोधतो. वारा असला तर पांगतो. वारा पडलेल्या थंड रात्री मात्र, हवेच्या दीडपट जड असल्यामुळे, पाण्यासारखा सखल जागी साचतो.

काँगोमध्ये किवू सरोवराकाठी, गोमा शहराच्या आसपास, अशा खळग्यांना लोक ‘माझुकु’ म्हणतात. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ वाईट वारा. या वायूला वास नाही, रंग नाही. खळग्यात शिरलेली जनावरे मरतात, माणसेही मरतात. आणि मुलांचे नाक जमिनीच्या जवळ, म्हणून त्यांना धोका अधिक. कोणी विद्वान या ‘वाईट वाऱ्या’ला अंधश्रद्धा म्हणून हसेल. मला हसू येत नाही. आमच्या गावी जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी वडील दोराला बांधून पेटता कंदील खाली सोडायचे. कंदील विझला तर त्या दिवशी उतरायचे नाही. तो वायू ज्वालामुखीचा नव्हे. पण वडिलांना त्याचे नाव ठाऊक नव्हते, तरी त्याची खोड ठाऊक होती. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचे हे ज्ञान मी कमी प्रतीचे मानणार नाही.

शास्त्रज्ञांशी माझे भांडण नाही. तक्रार आहे ती एका दुपारच्या मोजणीवर विसंबणाऱ्यांशी. भर उन्हात, वाऱ्यात घेतलेला आकडा खराच असतो. परंतु गुराखी त्या खळग्यात उतरतो पहाटे. तिथे ‘धोका’ एवढाच शब्द लिहिलेली पाटी मला अपुरी वाटते. दुपारी चार वेळा सुखरूप जाऊन आलेला माणूस पाचव्या वेळी पहाटे जाईल, तो ती पाटी खोटी ठरवूनच. पाटीवर वेळ लिहावी, पडलेला वारा लिहावा, पाऊस लिहावा. आणि ते सारे स्वाहिलीत लिहावे.