लोणचे हद्दपार, पेला जागच्या जागी

रक्तदाबाचे निदान झाले की आमच्या सुशिक्षित घरांतून पहिली हद्दपारी होते ती लोणच्याची. मागोमाग पापड जातो, भाजीतले मीठ निम्म्यावर येते आणि यजमानांच्या प्रकृतीखातर सारे घर अळणी जेवू लागते. यजमानांचा संध्याकाळचा पेला मात्र जागच्या जागी असतो. या ढोंगाचा मला मनस्वी तिटकारा आहे.

मी मिठाची वकिली करीत नाही; ते कमी करावेच. पण रोज चार-पाच पेग रिचविणाऱ्याने चिमटीचा हिशेब मांडीत बसावे, हे अति झाले. मद्याने रक्तदाब चढतो ही काही कालपरवाची बातमी नव्हे. लियाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १९१५ साली, ऐन महायुद्धात, सैनिकांना तपासून हे नोंदविले होते. आमच्याकडे मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा परवाना मिळतो तो आरोग्य राखण्यासाठी म्हणून! सरकारलाही विनोदबुद्धी असते.

"घेतल्यावर माझा दाब उतरतो, यंत्रावर पाहिलंय," असे एक गृहस्थ मला ठासून सांगत होते. खरे आहे. भरपूर घेतल्यावर पहिले काही तास तो उतरतोच. पुढे तोच वर चढतो, आणि तेव्हा यंत्र कपाटात असते. याच गृहस्थांचा दुसरा नेम ऐका: गोळी आणि दारू एकत्र नको, म्हणून पिण्याच्या दिवशी गोळीला सुट्टी. पिण्याचे दिवस आठवड्यातून पाच! उरलेल्या दोन दिवसांच्या गोळ्यांनी गुण येत नाही, म्हणून ते डॉक्टर बदलतात आणि नवा डॉक्टर गोळी वाढवितो.

डॉक्टरांनाही मी सोडणार नाही. "घेता का?" "कधीमधी." एवढ्यावर चौकशी संपते. वास्तविक २०१७ साली 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा आला. दिवसाला सहा किंवा अधिक पेले घेणाऱ्यांनी प्रमाण सुमारे निम्मे केले, तेव्हा वरचा दाब सरासरी साडेपाचाने उतरला होता. पुरते सोडलेलेही नव्हते, केवळ निम्मे!

मात्र वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने आपल्या मनाने एका रात्रीत सोडू नये. हात कापतात, दाब उलट भडकतो, झटके येतात, भ्रम होतो, जिवावरही बेतते. ते वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावे, आणि त्यासाठी पेल्यांचा खरा आकडा डॉक्टराला कळावा लागतो. तो घरातल्या बाईला तोंडपाठ असतो. तपासणीच्या वेळी तिला बाहेरच्या बाकावर बसविलेले असते.