वयाचा दाखला आणि धुराचा हिशेब

१ जुलै २०२५ रोजी दिल्लीच्या पेट्रोल पंपांवर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे कामाला लागले आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल व दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना इंधन नाकारण्यास सुरुवात झाली. तिसऱ्याच दिवशी दिल्ली सरकारने तांत्रिक अडचणींकडे बोट दाखवीत ही मोहीम थांबवावी, असे पत्र हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाला लिहिले. आयोगाने ८ जुलैला अंमलबजावणी १ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून वाहनमालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असे सांगितले. १७ डिसेंबरला तोच आदेश आवळून हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते ठेवले. सहा महिन्यांत चार वळणे. रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत किंवा नोएडाच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला दाराशी उभ्या असलेल्या जुन्या गाडीचे काय करावे, हा प्रश्न या काळात चारदा नव्याने सोडवावा लागला असेल, तर त्यात नवल नाही.

दिल्लीत आयुर्मान संपलेल्या वाहनांची संख्या साठ लाखांच्या घरात सांगितली जाते. त्यांत दोनतृतीयांश दुचाक्या आहेत. चारचाकीवाल्यांचा आवाज राजकीयदृष्ट्या मोठा असल्याने वाद मात्र मोटारींभोवती फिरत राहिला. वयाची ही अट कोणत्याही विधिमंडळात चर्चा होऊन आलेली नाही. राष्ट्रीय हरित लवादाने नोव्हेंबर २०१४ मध्ये पंधरा वर्षांवरील वाहनांविषयी आणि एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल वाहनांविषयी आदेश दिले. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांवर शिक्कामोर्तब केले. तेव्हापासून दिल्लीत सत्तेवर असलेल्या प्रत्येक पक्षाने न्यायालयाच्या आडोशाला उभे राहून हा नियम राबविला, आणि मतदार चिडल्यावर पुन्हा न्यायालयाचेच दार ठोठावले.

वय हे मोजायला सोपे. त्यासाठी नोंदणी पुस्तकातील तारीख पुरते. धूर मोजणे कठीण. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीतील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन आणि डिझेल गाडीच्या धुराची दाटी तपासली जाते. दिल्लीकरांच्या फुफ्फुसांत उतरणारे सूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे मोजमाप त्या चाचणीत होतच नाही. त्यामुळे ‘माझ्या गाडीचे पीयूसी आहे’ हे उत्तर कायद्यापुरते खरे असले, तरी हवेपुरते अपुरे आहे. १७ डिसेंबरच्या आदेशाचे महत्त्व यासाठी की, वयाऐवजी मानकाकडे पाहण्याचे पहिले पाऊल त्यात आहे. मात्र तो अंतरिम आदेश आहे, अंतिम निवाडा नव्हे.

मानकांचे आकडे पाहिले म्हणजे गाडी बदलण्याच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे स्पष्ट होते. बीएस-३ डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ०.०५ ग्रॅम कणांची मुभा होती. बीएस-४ मध्ये ती ०.०२५ झाली आणि बीएस-६ मध्ये ०.००४५ वर आली. नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा याच क्रमाने ०.५०, ०.२५ व ०.०८ अशी उतरली. म्हणजे जुनी बीएस-३ डिझेल गाडी देऊन वापरलेली बीएस-६ गाडी घेणारा कुटुंबप्रमुख कणांचा हिस्सा अकरापटीने घटवितो. पेट्रोलचे तसे नाही. तेथे बीएस-४ ची नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा ०.०८ होती, ती बीएस-६ मध्ये ०.०६ झाली. ज्याच्याकडे बीएस-४ पेट्रोल गाडी आहे, ती नीट राखलेली आहे आणि वर्षाकाठी चार-पाच हजार किलोमीटरच चालते, त्याने वर्तमानपत्रातील मथळे वाचून घाईने ती विकण्यात हवेचा लाभ फारसा नाही, खिशाचा तर नाहीच. डिझेलवाल्याने मात्र वाट पाहू नये.

तो नवी गाडी घेईल की वापरलेली, हा पुढचा प्रश्न. देशभर बीएस-६ मानक १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. साहजिकच पाच-सहा वर्षे वापरलेल्या बीएस-६ गाड्या आता बाजारात भरपूर आहेत आणि पेट्रोल गाडी घेतल्यास वयाच्या नियमातही तिला नऊ-दहा वर्षे उरतात. तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी हा मध्यममार्ग सर्वांत शहाणपणाचा ठरतो. बीएस-४ डिझेल गाडी त्याहून कितीतरी स्वस्तात मिळते, आणि मोह तेथेच होतो. तिला डिसेंबरच्या आदेशाचे संरक्षण असले, तरी टप्पेवार प्रतिसाद योजनेचा तिसरा टप्पा लागू होताच बीएस-३ पेट्रोल व बीएस-४ डिझेल मोटारींना दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद व गौतम बुद्ध नगर येथे रस्त्यावर येण्यास बंदी होते. ऐन हिवाळ्यात दारात उभी राहणारी गाडी स्वस्त कशी म्हणावी? बीएस-६ डिझेलमध्येही एक मेख आहे. तिच्या धुराड्यातील कणगाळणी साफ होण्यासाठी लांब पल्ल्याची, वेगातील धाव लागते. घर ते केंद्रीय सचिवालय एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती गाळणी तुंबते, आणि असा पूर्वेतिहास विकणारा सहसा सांगत नाही.

महाराष्ट्रातून गाडी घेऊन आलेल्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. २०१० मध्ये बीएस-४ मानक राजधानी क्षेत्रासह तेरा शहरांत लागू झाले. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर ही तीन होती. उर्वरित देशात ते टप्प्याटप्प्याने पोहोचले आणि १ एप्रिल २०१७ रोजी सर्वत्र लागू झाले. त्यामुळे २०११ साली सोलापुरात नोंदलेली पेट्रोल गाडी आज संरक्षित असेल आणि त्याच वर्षी नागपुरात नोंदलेली, दिसायला तंतोतंत तशीच गाडी बीएस-३ निघून कारवाईस पात्र ठरू शकेल. नोंदणी पुस्तकातील मानकाचा रकाना तपासल्याशिवाय कोणताच निर्णय घेऊ नये, तो यासाठी. शिवाय डिसेंबर २०२५ मध्ये दिल्ली सरकारने प्रदूषणाचा कडक टप्पा लागू असताना बाहेरच्या राज्यांतील बीएस-६ हून खालच्या गाड्यांना शहरात मज्जाव केला. एमएच क्रमांकाची पाटी अभिमानाने मिरविणाऱ्यांना ती तेव्हा जड गेली.

बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवायची, तर मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार तेथे नवी नोंदणी घ्यावी लागते. म्हणजे मूळ राज्याचे ना-हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्याचा कर आणि जुन्या कराच्या परताव्यासाठी हेलपाटे. २०२१ मध्ये आलेल्या बीएच मालिकेने सरकारी कर्मचाऱ्यांची आणि चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांतील नोकरदारांची यातून बरीच सुटका केली. कर एकरकमी न भरता दोन-दोन वर्षांचा भरता येतो. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीने साध्या नोंदणीच्या गाड्याही या मालिकेत आणण्याची वाट मोकळी केली. वापरलेली गाडी घेणाऱ्या पात्र अधिकाऱ्याला ही सोय ठाऊक असली, तर पुढच्या बदलीतील बराच मनस्ताप वाचतो.

सरकारच्या धोरणाची गफलत येथेच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या भंगार धोरणात जुनी गाडी मोडीत काढणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते. त्यावर खासगी वाहनाच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत आणि नोंदणी शुल्काची माफी आहे, परंतु नवे वाहन घेतले तरच. जुनी डिझेल गाडी मोडून वापरलेली बीएस-६ पेट्रोल गाडी घेणाऱ्याला यातले काही नाही. प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येते खरे. पण ती सवलत नव्हे, मोडीच्या भावात पडलेली थोडी भर. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या नव्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला गेला. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत परिषदेने नोंदणीकृत विक्रेत्याने विकलेल्या जुन्या गाड्यांच्या नफ्यावरील कर सरसकट १८ टक्के केला होता. दोन व्यक्तींमधील थेट व्यवहार त्यातून मुक्त आहे. वाहन उद्योगाच्या मागण्यांना अर्थ मंत्रालयाचा कान आहे. वापरलेली पण स्वच्छ गाडी घेणाऱ्याचा कोणी संघ नाही आणि शिष्टमंडळही नाही.

याचा परिणाम असा की, दिल्लीत नकोशी झालेली डिझेल गाडी मोडीत जाण्याऐवजी ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्याचा रस्ता धरते. मुदत संपल्यावर एका वर्षाच्या आतच असे प्रमाणपत्र मिळेल, ही दिल्लीची अटही २०२५ मध्ये शिथिल झाली. मालकाच्या दृष्टीने हे रास्तच. भंगारवाला देतो त्याहून लहान शहरातील खरेदीदार अधिक पैसे मोजतो. दिल्लीचा धूर मग एखाद्या तालुक्याच्या गावी शाळेच्या फाटकासमोर निघतो आणि राजधानीच्या हिशेबात ती गाडी वजा झालेली असते. करसवलत नव्या गाडीशी न बांधता मोडीत निघालेल्या जुन्या गाडीशी बांधली आणि तिच्या जागी येणाऱ्या वापरलेल्या बीएस-६ गाडीच्या नाव-हस्तांतरालाही ती लागू केली, तर यातील काही गाड्या तरी महामार्गावर न जाता मोडीच्या कारखान्यात जातील. त्यासाठी नवा कायदा नको. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची एक अधिसूचना आणि राज्यांचे त्याला अनुसरून काढलेले आदेश पुरेसे आहेत.