गांवची लेक रात्रीं कोठें जाईल?

गांवांत मोकाट जनावर सुटलें तर त्याच्यासाठीं कोंडवाडा असतो. तें कोणाचें, कोणाच्या रानांत शिरलें, याचा निवाडा मागाहून होतो; पण त्या रात्रीं त्याला दावें, वैरण आणि पाणी मिळतें. पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्याला धर्मशाळा मिळते. मात्र नवऱ्याच्या माराच्या भीतीनें जी बाई मध्यरात्रीं लेंकरूं कडेवर घेऊन दाराबाहेर पडते, तिला गांवांत कोठें जागा आहे? सोलापूर जिल्ह्यांतील हजाराहून अधिक ग्रामपंचायतींना आम्ही हा प्रश्न विचारीत आहों.

हा प्रश्न आम्हांला पुस्तकांत सांपडला नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एक मुलगी वहीवर डोकें टेकून झोपूं लागली. विचारलें तेव्हां कळलें कीं, मायलेकी देवळाच्या ओवरींत रात्री काढीत होत्या. आम्हीं काय केलें? शहाण्या माणसाप्रमाणें बाईच्या भावाला निरोप धाडला. भावानें आठ दिवस ठेवून घेतली आणि पंचांच्या साक्षीनें नांदायला परत पाठविली. पंच म्हणाले, संसार मोडूं नये. संसार मोडला नाहीं. महिन्याच्या आंत तिचा हात मोडला, आणि मुलगी शाळेंत यायची बंद झाली. या दोषांतून आम्ही स्वतःला सोडवीत नाहीं, म्हणूनच हें लिहितों.

वडीलधारे म्हणतील, नवरा-बायकोचें भांडण ही घरची गोष्ट. पंचायतीनें त्यांत कां पडावें? बांधाचें भांडण गांवाचें, पाटाच्या पाण्याचें भांडण गांवाचें, मग ज्या भांडणांत माणसाचा जीव जातो तेंच तेवढें घरचें कसें? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनें (२०१९-२१) नोंदविलें आहे कीं, देशांतील १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या दर शंभर बायांपैकीं सुमारें २९ जणींनीं नवऱ्याचा जुलूम सोसला आहे. आणि मारहाण व अत्याचार सोसलेल्या दर शंभरांत मदत मागणाऱ्या निघाल्या अवघ्या १४. बाकीच्या कां गप्प राहिल्या? दार उघडेल असा भरंवसाच नसेल तर तें कोण ठोठावील?

दार उघडण्याचें काम आपल्याकडे नवें नाहीं. इ. स. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत आपल्या घरींच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. फसविल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांनीं गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावें, असें त्यांनीं जाहीर करून टाकलें. अशाच एका विधवेच्या मुलाला त्यांनीं दत्तक घेतलें. तोच पुढें डॉक्टर झालेला यशवंत. माळ्याच्या घरानें ब्राह्मणाच्या लेकीला आसरा देतांना जात पाहिली नाहीं, आणि दोष कोणाचा हेंही आधीं विचारलें नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत पंढरपुरास १८७५ सालीं लालशंकर उमियाशंकर यांच्या खटपटीनें असेंच गृह निघालें व प्रार्थना समाजानें तें चालविलें. त्या वेळीं या कामाला कायद्याचा आधार नव्हता.

आज कायदा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा २००५ सालचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. ज्या घरांत बाई नांदली तें तिच्या नांवावर नसलें तरी तिला तेथें राहण्याचा हक्क आहे. मारणाऱ्या नवऱ्यालाच घराबाहेर काढण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट देऊं शकतो. तिनें किंवा तिच्या वतीनें संरक्षण अधिकाऱ्यानें मागणी केली कीं आसरागृहानें जागा दिलीच पाहिजे. आधीं तक्रार नोंदविली नाहीं या सबबीवर तिला परतवितां येत नाहीं. १८१ या क्रमांकावर मदत मागतां येते, आणि ‘सखी’ केंद्रांत पांच दिवसांपर्यंत राहतां येतें.

पण करमाळ्याच्या टोकाच्या वाडीवरून सोलापूर शंभराहून अधिक किलोमीटर आहे. मध्यरात्रीं एस. टी. मिळत नाहीं, आणि बाईच्या कनवटीला पैसा नसतो. पहिली रात्र आणि पहिला प्रवास या दोन गोष्टी गांवानेंच निभावून न्यावयाच्या आहेत. त्या निभावल्या नाहींत तर पुढचा सारा कायदा तिच्या उपयोगाचा नाहीं.

इंग्लंडांत २०२१ च्या कायद्यानें मोठ्या स्थानिक कौन्सिलांवर हें बंधनच घातलें आहे: आपल्या हद्दींत किती बायामुलांना सुरक्षित जागेची गरज आहे तें मोजा, योजना करून ती छापा, आधार द्या आणि दरवर्षीं सरकारला हिशेब द्या. आमच्या पंचायतींनीं एवढें मोठें काम एकदम उचलावें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्या आवांक्यांतलें तेवढेंच मागतों.

पहिलें, प्रत्येक पंचायतीनें एक खोली नेमावी. तिला आंतून कडी, दिवा, पाणी आणि अंथरूण असावें, आणि किल्ली गांवांतील दोन भरंवशाच्या बायांकडे असावी. दुसरें, गाडीभाड्याची रक्कम बाजूला ठेवावी. तिसरें, १८१ व ११२ हे क्रमांक आणि संरक्षण अधिकाऱ्याचा ठिकाणा चावडीच्या व शाळेच्या भिंतीवर ठळक लिहावा. चौथें, बाई त्या खोलींत असतां पंचांनीं समेटाची बोलणीं लावूं नयेत.

कोणी म्हणेल, गांवांत कांहीं लपत नाहीं; नवरा तेथेंच येऊन उभा राहील. हा आक्षेप खरा आहे. म्हणून गांवची खोली एका रात्रीपुरती, आणि त्या रात्रीं पोलीस पाटलानें जागें राहावें. पुढें राहण्याची, ठिकाणा गुप्त असलेली जागा तालुक्याच्या गांवीं असावी. ती उभारणें जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीनें मनावर घ्यावें.

दुसरा आक्षेप पैशाचा. स्वतःच्या उत्पन्नांतील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्चावी असें ग्रामपंचायतींवर बंधन आहे. ती रक्कम खुर्च्या-सतरंज्यांत संपली कीं सत्कारणीं लागली, हें ग्रामसभेंत उभें राहून विचारा. शिवाय घराच्या उताऱ्यावर नवराबायको दोघांचीं नांवें लावावींत, असें सरकारनें २००३ सालींच सांगितलें आहे. त्याला तर पैसाही लागत नाहीं. ज्या घरावर बाईचें नांव आहे, त्यांतून तिला हांकलून देणें सोपें नसतें.

गांवाच्या ठरावानें काय होतें, असें विचारणाऱ्यांनीं हेरवाड आठवावें. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील त्या गांवानें विधवांचें कुंकू पुसण्याची व बांगड्या फोडण्याची चाल बंद करण्याचा ठराव केला. त्यामागें आमच्याच करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांची खटपट होती. महिन्याच्या आंत सरकारनें तो कित्ता इतर गांवांपुढें ठेविला.

बंधूंनो, पंचायतींत आज निम्म्या जागा बायांच्या आहेत, आणि ग्रामसभेच्या आधीं महिलांची सभा भरविलीच पाहिजे असा नियम आहे. येत्या सभेला घरांतील बायांना कामावर न जुंपतां पाठवा, आणि खोलीचा ठराव त्यांनाच मांडूं द्या. आपण हात वर करावा. आपलीही लेक कोणत्या तरी गांवीं नांदत आहे.