लक्ष श्वासावर, दाव्यांवरही

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिवस म्हणून जाहीर केला. दहा वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवसही ठरला. दोन्ही दिवशी मैदाने आणि सभागृहे भरतात, छायाचित्रे निघतात, पाहुण्यांची भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी सतरंज्या गुंडाळून ठेवल्या जातात. उत्सवाला आक्षेप घेण्याचे कारण नाही. त्या निमित्ताने कित्येक जण पहिल्यांदाच चटईवर बसतात. मात्र श्वास आणि सौम्य आसने यांच्या आधाराने मनाला चालू क्षणात ठेवण्याचा जो सराव आहे, तो गर्दीत मोजता येत नाही. त्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे शांतपणे पाहायला हवे.

मन हातातल्या कामावर किती वेळ असते? मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात याचे उत्तर मांडले. त्यांनी २,२५० प्रौढांना मोबाइलवरून दिवसभरात अधूनमधून विचारले: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसे वाटतेय? सुमारे ४७ टक्के वेळा मन समोरच्या कामात नव्हतेच. मन भटकत असताना लोक कमी समाधानी होते. त्यातही लक्षणीय गोष्ट अशी की, मन सुखद विचारांत रमले असले तरी हातातल्या कामात लक्ष असणाऱ्यांपेक्षा समाधान जास्त नव्हते.

या भटक्या मनाला परत आणण्यासाठी श्वास सोयीचा ठरतो. तो आपोआप चालतो आणि हवा तेव्हा थोडा ताब्यातही घेता येतो. आपल्याकडे दोन्ही वाटा चालत आल्या आहेत. प्राणायामात श्वासाची लांबी, गती आणि विराम यांत जाणीवपूर्वक बदल केला जातो. आनापानात श्वासाला हात लावायचा नसतो. तो जसा येतो तसा नुसता पाहायचा. इगतपुरीच्या धम्मगिरीत सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांच्या शिबिराची सुरुवात याच आनापानाने होते. नाकपुड्यांपाशी श्वासाचा स्पर्श जाणवतो का, एवढेच काम. मन घरच्या हिशेबाकडे किंवा जुन्या भांडणाकडे गेले, की ते गेल्याचे लक्षात घ्यायचे आणि पुन्हा नाकपुडीपाशी यायचे. नवखा साधक इथेच हिरमुसतो. आपले ध्यान लागतच नाही, असे त्याला वाटते. खरे तर मन गेले हे ज्या क्षणी कळते, त्याच क्षणी सराव घडलेला असतो. व्यायामशाळेत वजन खाली जाते म्हणून कोणी स्वतःला नापास ठरवत नाही. ते पुन्हा उचलण्यातच व्यायाम असतो.

सौम्य आसने हेच काम शरीरामार्फत करतात. पाय किंचित अंतरावर ठेवून ताठ उभे राहावे. श्वास घेत दोन्ही हात समोरून सावकाश वर न्यावेत. हात वर पोहोचायला जितका वेळ लागेल तितकाच श्वास लांबवावा. श्वास सोडत ते तितक्याच संथपणे खाली आणावेत. चार-पाच आवर्तनांत लक्षात येते, की हात घाईत आहेत आणि श्वास मागे राहिला आहे, खांदे विनाकारण कानांकडे उचलले गेले आहेत, जबडा आवळलेला आहे. ते लक्षात येणे हाच या हालचालीचा हेतू. डोक्यावर उभे राहता येते की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. गुडघेदुखी असलेल्या आजींनाही खुर्चीवर बसून हे करता येते.

या सरावाचा शरीराशी संबंध उघड आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. त्यात व्हेगस मज्जातंतूचा मोठा वाटा असतो. इटलीतील लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दाखवले, की लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना काय किंवा 'ॐ मणि पद्मे'चा मंत्रजप काय, दोन्हींमुळे श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि रक्तदाबाचे नियमन करणारी यंत्रणा अधिक तत्पर होते. परिणाम संथ लयीचा होता; धर्म कोणता, याने फरक पडला नाही.

योगाला प्रयोगशाळेत नेण्याचा मान मात्र महाराष्ट्राकडे जातो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांत शरीरात काय घडते, हे ते क्ष-किरण आणि दाबमापक वापरून तपासत होते. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी एक अभ्यासक्रम आखला. जुनाट दुखण्याने बेजार झालेल्या रुग्णांना त्यात श्वासाचे निरीक्षण आणि सौम्य हठयोग शिकवला जाई. आज जगभर 'माइंडफुलनेस' म्हणून जे चालते, त्यातील बरेच काही तिथून निघाले.

पुराव्यांचे चित्र आशादायक आहे, पण चमत्काराचे नाही. 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये २०१४ साली ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत लहान ते मध्यम स्वरूपाचा फायदा दिसला. पण व्यायाम किंवा औषधांसारख्या उपायांपेक्षा ध्यान सरस असल्याचे आढळले नाही. २०२२ मध्ये चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवरील चाचणीत कबात-झिन यांचा अभ्यासक्रम एका प्रचलित औषधाच्या तोडीचा ठरला. त्याच वर्षी ब्रिटनमधील शाळांतून हजारो मुलांवर झालेल्या माइंडफुलनेसच्या मोठ्या चाचणीत मात्र नेहमीच्या तासिकांपेक्षा वेगळा लाभ दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता.

महाराष्ट्रातही 'आनंददायी शनिवार'सारख्या उपक्रमातून श्वसन आणि ध्यान शाळेत आले आहे. वेळापत्रकात रकाना भरला म्हणजे मुलांचे मन शांत झाले असे नाही, हे ब्रिटनचा अनुभव सांगतो. शिक्षकाने स्वतः सराव केलेला असावा आणि मुलांवर सक्ती नसावी. कार्यालयांनाही हेच लागू आहे. बारा तास राबवून घ्यायचे आणि तणाव वाढला की प्राणायामाचा वर्ग ठेवायचा, हा प्रामाणिक व्यवहार नव्हे. श्वासावर लक्ष दिल्याने माणूस ताण ओळखू शकतो. ताणाचे कारण व्यवस्थेत असेल तर ते व्यवस्थेनेच दूर करायचे असते.

काही पथ्येही आहेत. गरोदर महिला, उच्च रक्तदाब वा हृदयविकार असलेले आणि पोटाची शस्त्रक्रिया झालेले यांनी कपालभाती, भस्त्रिका, दीर्घ कुंभक (श्वास रोखून धरणे) असे जोरकस प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. मोठा मानसिक आघात सोसलेल्या काहींना डोळे मिटून बसल्यावर अस्वस्थता वाढल्याचा अनुभव येतो. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, थांबावे किंवा जाणकाराची मदत घ्यावी. चालू असलेली औषधे ध्यानाच्या भरवशावर बंद करणे तर सर्वस्वी घातक.

ज्यांना हा सराव सुरू करायचा आहे, त्यांनी रोज दहा मिनिटांपासून आरंभ करावा: पाच मिनिटे श्वासाशी जुळवलेली सावकाश हालचाल, पाच मिनिटे स्वस्थ बसून नैसर्गिक श्वासाचे निरीक्षण. लक्ष किती वेळा सुटले, याचा हिशेब ठेवू नये, ते सुटणारच. आणि बारा दिवसांत मधुमेह घालवण्याची किंवा आठवड्यात मनःशांतीची हमी देणारा गुरू भेटला, तर त्याच्या वर्गाची फी भरण्याआधी पुरावा मागावा.