एक बाटली लावाच!

सरकारी पाट्यांवर आता लिहिणार नाही, असं मागे याच सदरात कबूल केलं होतं. पण जिंतूर रस्त्यावर एका खासगी दवाखान्याची नवी पाटी बघितली आणि हात शिवशिवले. ‘येथे एचआयव्ही तपासणी मोफत व गुप्त’. अक्षरं चालत्या एसटीतून वाचता येतील एवढी, वर लाल बाण. त्या बाणाखालून आत शिरायला केवढी छाती लागेल!

कामाचं एका दमात सांगतो. नॅको ही केंद्राची एड्स नियंत्रण संघटना खासगी दवाखान्यांशी करार करते. किट आणि प्रशिक्षण सरकारचं. जागा, माणसं आणि महिन्याचा अहवाल दवाखान्याचा. पहिल्या चाचणीत शंका आली तर पक्की तपासणी सरकारी केंद्रात. एचआयव्हीची औषधं एआरटी केंद्रात फुकट, म्हणजे आमच्या झरी गावच्या माणसाला परभणीच्या जिल्हा रुग्णालयात. विचारल्याशिवाय तपासायचं नाही आणि निकाल फोडायचा नाही, असं २०१७चा कायदा बजावतो.

कायदा दिल्लीत झाला. झरीत काळीपिवळी आहे.

“कुठं निघालात काका?”

“परभणीला.”

“दवाखान्यात का? कुणाला काय झालं?”

तोवर मागची मावशी पुढं सरकलेली असते.

त्यापेक्षा गावातला खासगी डॉक्टर बरा, हे सरकारला बरोबर उमगलंय. पण गावाचा जीव त्याच्यावर नाही, त्याच्या सलाईनवर आहे. आरोग्य केंद्रातल्या गोळ्या फुकट, म्हणून त्या लागू पडत नाहीत. इकडं पैसे मोजले की बाटली टांगतानाच निम्मा गुण येतो. ऊसतोडीहून आलेला गडी डॉक्टरला निदान करूच देत नाही. “अंग मोडून आलंय, एक बाटली लावाच!” मग तो डोळे मिटून पडतो, बायको थेंब मोजत बसते, आणि बाटली संपत आली की “अहो कंपाउंडर!” म्हणून साऱ्या दवाखान्याला उठवते.

हा असा निवांत वेळ डॉक्टरला एरवी कुठं मिळतो? शेजारी स्टूल घेऊन बसावं, एचआयव्हीची तपासणी करू का, असं हळू आवाजात विचारावं, नाही म्हणाला तर सोडून द्यावं. पण सुई टोचलेलीच आहे तर घ्या रक्त काढून, असं म्हणणारे बहाद्दर आहेतच. ऑपरेशनआधी तर कित्येक ठिकाणी विचारायची पद्धतच नाही.

आणि दोन खाटांमध्ये पडदा हवा. पाटीच्या निम्म्या खर्चात होईल. आमच्याकडं शेजारच्या खाटेवरचा माणूस ‘तुमचं काय निघालं?’ हे स्वतःचा रिपोर्ट यायच्या आत विचारतो.