फिल्टर बदला, पण विरजण सांभाळा



मुलांच्या हट्टापायी घरात माशांची काचेची टाकी येते आणि शाळा सुरू झाली की मासे आईच्या गळ्यात पडतात, हे घरोघरचेच आहे. खाणे घालणे, पाणी बदलणे आपण शिकून घेतो. पण फिल्टर बिघडला की जुना टाकून, टाकी घासूनपुसून नवाकोरा बसवतो. आणि चार-सहा दिवसांत एकेक मासा उलटा तरंगू लागतो. "पाणी तर आरशासारखं स्वच्छ होतं हो!" शेजारच्या वहिनी हळहळत होत्या. मुलगी दोन दिवस जेवली नाही त्यांची.

घोटाळा त्या स्वच्छतेतच आहे. माशांच्या विष्ठेतून व कल्ल्यांतून पाण्यात अमोनिया उतरतो. तो विषारी. स्पंजवर जो तपकिरी, बुळबुळीत थर धरतो, त्यातले जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बरेच सौम्य, ते पाणी बदलताना निघून जाते. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी १८९०च्या सुमारास या जीवाणूंचे काम उलगडून दाखवले.

आमच्या आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीसमोर तळे आहे. त्यात मासे आहेत, फिल्टर नाही. तिथे हेच काम गाळ, दगड आणि शेवाळ यांच्यावर होते. घरच्या टाकीत एवढा पसारा कुठला? बहुतेक भार त्या वीतभर स्पंजवर. तेव्हा तो थर म्हणजे विरजण समजा. दह्याचे भांडे घासण्याआधी चमचाभर विरजण आपण काढून ठेवतोच ना? तसेच इथे करावे.

१) जुना फिल्टर चालू असेल तर नवा त्याच्याच शेजारी लावून दोन्ही चार ते सहा आठवडे चालवावेत. नव्यावर थर धरला की जुना काढावा.

२) जुना बंदच पडला असेल तर त्याचा स्पंज ओला असतानाच नव्यात बसवावा. बसत नसेल तर कापून तुकडे घालावेत. तेही जमेना, तर टाकीतच नव्या स्पंजवर जुना पिळावा. पाणी गढूळ होईल, घाबरू नये.

३) स्पंज धुवायचाच तर टाकीतले पाणी बादलीत काढून त्यात हलका पिळावा. साबण, गरम पाणी, उन्हात वाळवणे अगदी वर्ज्य! नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, पावसाळ्यात विहिरीतही ब्लीचिंग पावडर पडते. जंतू मारणे हेच त्याचे काम. चांगला कोण, वाईट कोण, त्याला काय कळणार?

४) त्याच आठवड्यात तळची वाळू धुऊ नये. नवे मासे आणू नयेत. खाणे निम्म्यावर आणावे.

५) मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागले, की पाव टाकी पाणी बदलावे. नवे पाणी दुकानात मिळणारे क्लोरीन मारणारे औषध घालून, किंवा बादलीत चोवीस तास उघडे ठेवून घ्यावे. म्हणून त्या आठवड्यात एक बादली आधीच भरून ठेवलेली बरी.

आता विजेचे. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या दापोली तालुक्यात कितीतरी दिवस वीज नव्हती. या जीवाणूंना प्राणवायू लागतो. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये ते काही तासांत गुदमरतात. वीज लवकर येणार नाही असे दिसले की स्पंज काढून टाकीतच मोकळा सोडावा, अधूनमधून तांब्याने वरून पाणी ओतावे, माशांना खाणे देऊ नये. वीज आल्यावर डब्यातले कुबट पाणी फेकून मगच फिल्टर सुरू करावा.

आणि हो, घरात कामाला बाई असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवा. नाहीतर "ताई, किती घाण झाला होता, लख्ख केला बघा!" असे कौतुकाने सांगत त्या स्पंज धुऊन वाळत घालायच्या!